आत्म्याकडे कोणतं काम? मनाचा संगणनवादी सिद्धान्त आणि ईश्वरशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला बरीच वर्षं दोन प्रकारची माणसं विचारत आली आहेत. काहींना आशा असते की मेंदूचं गणित सुटलं की देवाचा प्रश्नही निकालात निघेल. काहींना नेमकी त्याचीच धास्ती वाटते. दोघांनीही एक गोष्ट धरून ठेवलेली असते: आत्मा म्हणजे आत बसून विचार करणारा कुणीतरी. खालची बरीचशी उत्तरं या समजुतीशीच झगडतात, म्हणून शक्यतो क्रमाने वाचा.

मनाचा संगणनवादी सिद्धान्त नेमकं काय सांगतो?

किल्ली खिशात आहे किंवा पिशवीत. खिशात नाही. म्हणजे पिशवीत. हे अनुमान काढायला किल्ली काय, खिसा काय, यातलं काहीच ठाऊक असावं लागत नाही. ‘क किंवा ख, क नाही, म्हणून ख’ एवढा साचा पुरतो. नुसत्या साच्याकडे बघून पुढची पायरी टाकणारं यंत्र बनवता येतं, आणि नियम नीट निवडले असतील तर ते यंत्र खऱ्या विधानांवरून खऱ्याच विधानावर पोहोचतं. नियमाने पडणाऱ्या अशा पायऱ्यांनाच संगणन म्हणतात. अर्थ न कळताही अर्थाला धरून चालता येतं! विसाव्या शतकाच्या मोठ्या शोधांत मी याची गणना करते, आणि शिकवताना दरवर्षी मला याचं नव्याने नवल वाटतं.

ॲलन ट्युरिंगने १९३६ साली अशा यंत्राची काटेकोर गणिती व्याख्या दिली. १९४३ साली वॉरन मॅककुलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी दाखवलं की चेतापेशींचं अगदी साधं प्रतिमान घेतलं, तरी त्यांची जाळी तर्कशास्त्रातल्या क्रिया करू शकते. पुढे १९६०च्या दशकात हिलरी पटनम आणि १९७५ मध्ये जेरी फोडर यांनी यातून मनाचा सिद्धान्त उभा केला: एखादी गोष्ट खरी मानणं, हवीशी वाटणं, तिच्याविषयी शंका येणं, या सगळ्या मेंदूतल्या प्रतिरूपांवर नियमाने घडणाऱ्या क्रिया आहेत. १९८०च्या दशकात चेताजाळ्यांचा पक्ष पुन्हा जोरात आला. चिन्हं आणि नियम की जोडण्या आणि त्यांची वजनं, हा वाद तेव्हापासून चालूच आहे, पण तो एकाच घरातला वाद आहे.

कल्पनेचं बीज मात्र फार जुनं आहे. विचार म्हणजे बेरीज-वजाबाकी, असं थॉमस हॉब्जने १६५१ सालीच लिहून ठेवलं होतं.

म्हणजे मेंदू संगणकासारखा आहे, एवढंच ना?

‘सारखा’ हा शब्द काढून टाका. हृदय पंपासारखं आहे असं आपण म्हणत नाही. हृदय पंप आहे. धातूचा पंप आणि स्नायूंचा पंप दिसायला अगदी वेगळे, काम एकच. संगणनवाद्यांचा दावा या जातीचा आहे. त्यामुळे ‘मेंदूत तारा कुठे आहेत’, ‘मेंदू ओला असतो’ असे आक्षेप त्याला लागतच नाहीत. डेव्हिड मारच्या १९८२ सालच्या पुस्तकात तीन पातळ्या वेगळ्या केल्या आहेत: कोणतं काम होतंय, ते कोणत्या रीतीने होतंय, आणि ती रीत कोणत्या द्रव्यात उतरली आहे. आपण ज्या सिद्धान्ताबद्दल बोलतो आहोत तो वरच्या दोन पातळ्यांबद्दल आहे.

यात ईश्वरशास्त्राचा संबंध कुठे येतो?

आत्म्याकडे आपण कोणतं काम सोपवलं आहे, तिथे.

रेने देकार्तने १६३७ साली एक पैज लावली. माणसासारखं हुबेहूब यंत्र बनवलं तरी ते दोन ठिकाणी उघडं पडेल, असं त्याचं म्हणणं. एक, समोरच्याच्या बोलण्याला धरून शब्दांची वेगवेगळी जुळणी त्याला जमणार नाही. दोन, कोणत्याही नव्या प्रसंगात मार्ग काढणं त्याला जमणार नाही. ही दोन कामं जडाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून ती करणारा अभौतिक आत्मा. त्याच्याही कितीतरी आधी बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात एक गोष्ट येते: रावा नावाचा रब्बी एक माणूस घडवतो आणि रब्बी झेराकडे पाठवतो. झेरा त्याच्याशी बोलतो, उत्तर येत नाही, तेव्हा झेरा ओळखतो आणि त्याला मातीत परत जायला सांगतो. इथेही कसोटी बोलण्याचीच.

आज भाषेची यंत्रं आपल्या बोलण्याला धरून उत्तरं देतात. त्यांना कळतं की नाही, हा पुढचा मुद्दा; पण देकार्तने घातलेली अट जशी लिहिली आहे तशी वाचली, तर ती पैज मोडकळीला आली आहे हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. ज्यांच्या श्रद्धेत आत्म्याचं मुख्य काम बोलणं, हिशेब करणं, अनुमान काढणं हे आहे, त्यांच्यासाठी संगणनवाद हा खरा धोका आहे. हे गोड शब्दांत झाकून काही साधणार नाही. ज्यांनी आत्म्याला वेगळं काम दिलं, त्यांची गोष्ट वेगळी.

मग संगणनवाद मानणारा माणूस आस्तिक असू शकतो का?

असू शकतो, आणि अशी माणसं होऊन गेली आहेत. जडवाद म्हटला की नास्तिकता आलीच, हा हिशेब इतिहासाला धरून नाही.

जॉन लॉकने सतराव्या शतकाच्या अखेरीस विचारलं: देव सर्वशक्तिमान असेल, तर योग्य रीतीने रचलेल्या जड द्रव्याला विचार करण्याची शक्ती देणं त्याला अशक्य का असावं? वुस्टरचा बिशप स्टिलिंगफ्लीट यावर खवळला आणि दोघांचा लांबलचक पत्रवाद झाला. लॉकचा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो. देवाच्या सामर्थ्याच्या नावाने देवाच्याच हातांना मर्यादा घालणं विसंगत आहे.

जोसेफ प्रीस्टली त्याहून पुढे गेला. प्राणवायूच्या शोधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तोच हा प्रीस्टली, आणि पेशाने तो धर्मोपदेशक होता. १७७७ साली त्याने लिहिलं की माणसात अभौतिक आत्मा नाहीच. विचार हा मेंदूच्या रचनेचा गुण आहे. अभौतिक आत्म्याची कल्पना ग्रीक तत्त्वज्ञानातून ख्रिस्ती धर्मात शिरली आणि तिने पुनरुत्थानाच्या मूळ शिकवणीला झाकोळलं, असं त्याचं ठाम मत होतं. आत्मा आपोआप अमर असेल तर मेलेल्यांना उठवायला देवाची गरज काय? प्रीस्टलीचा जडवाद श्रद्धा सोडून आलेला नव्हता, श्रद्धेपोटी आला होता.

हिलरी पटनमचं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे. त्यानेच मांडलेला संगणनवादी कार्यवाद, म्हणजे मन हे त्याच्या कामावरून ओळखायचं, द्रव्यावरून नव्हे, हे मत, त्याने १९८८ पर्यंत स्वतःच मोडीत काढला होता. उत्तरायुष्यात तो नियमाने ज्यू उपासना करत असे. त्याच्या उपासनेमुळे सिद्धान्त पडला असं म्हणू नका; सिद्धान्त सोडण्याची त्याची कारणं शब्दांच्या अर्थाविषयीची होती.

भारतीय दर्शनांचं यावर काय म्हणणं पडेल?

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त रेंगाळते, कारण इथे आपल्या भाषेतच एक मोठी सोय आहे. मन, बुद्धी, चित्त, अहंकार, आत्मा असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत. संगणनवादाची चर्चा परक्या शब्दांत होते तेव्हा हे सगळं एकाच मोठ्या ‘मन’ नावाच्या पोत्यात भरलं जातं, आणि मग पोतं जड की चेतन, यावर भांडण होतं.

प्राचीन सांख्य दर्शनाने पोतं आधीच रिकामं केलं होतं. त्याच्या पंचवीस तत्त्वांत बुद्धी, अहंकार आणि मन हे तिन्ही प्रकृतीचे, म्हणजे मूळ जड द्रव्याचे, विकार आहेत, म्हणजे जड. निश्चय करणं, ‘मी’ म्हणणं, इंद्रियांकडून आलेलं जुळवणं, ही सगळी कामं जडच करतं. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, काहीच करत नाही. तो फक्त साक्षी. मग बुद्धी चेतन का भासते? सांख्यकारिकेच्या विसाव्या कारिकेत उत्तर आहे: ‘तस्मात्तत्संयोगादचेतनं चेतनावदिव लिङ्गम्’. पुरुषाच्या सान्निध्यामुळे अचेतन असलेलं चेतन असल्यासारखं होतं. यातल्या ‘इव’ या दोन अक्षरांत आजच्या चर्चेचा केवढा भाग मावतो! गीतेच्या सातव्या अध्यायातही भूमी, आप, अनल, वायू, आकाश यांच्याच पंगतीत मन, बुद्धी आणि अहंकार बसवले आहेत आणि या आठांना मिळून अपरा प्रकृती म्हटलं आहे. उद्या बुद्धीची प्रत्येक क्रिया संगणन आहे असं सिद्ध झालं, तर सांख्य म्हणेल, ‘आम्ही दुसरं काय म्हणत होतो?’ अर्थात अभिजात सांख्यात ईश्वर नाही, हे विसरू नये.

अद्वैत वेदान्तातही अंतःकरण, म्हणजे मन-बुद्धी वगैरे, जड आणि साक्षी वेगळा, म्हणून त्यालाही यात फारशी अडचण नाही.

न्यायदर्शनाची स्थिती मात्र अवघड होते, आणि गंमत अशी की ईश्वराच्या बाजूने सर्वांत कसून युक्तिवाद करणारं दर्शन तेच. न्यायसूत्रांत इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान ही आत्म्याची लिंगं, म्हणजे त्याला ओळखण्याच्या खुणा, सांगितली आहेत. इथे ज्ञान हा आत्म्याचाच गुण आहे आणि मन हे केवळ अणुरूप आंतर इंद्रिय. नेमक्या याच गोष्टी यंत्रणेने समजावून सांगितल्या, तर नैयायिकाचं अनुमान ढिलं पडतं. भक्तिमार्गी वेदान्ती आचार्य रामानुजांनाही जीव हा खरोखरचा ज्ञाता म्हणून हवा आहे. नुसत्या साक्षीवर त्यांचं भागत नाही, कारण भक्ती करायला कुणीतरी लागतं. शरणागती हे काम साक्षीला जमणारं नाही. माझा ओढा सांख्याच्या स्पष्टतेकडे आहे, तरी रामानुजांची ही हरकत मला रात्री जागं ठेवते.

चार्वाकांचं मत आजच्या जडवाद्यांना सगळ्यात जवळचं. किण्व (आंबवण) वगैरे पदार्थ एकत्र आले की त्यांतल्या एकट्यात नसलेली मद आणणारी शक्ती उत्पन्न होते, तसं जड महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य. मात्र संगणनवादाचा भर मिश्रणावर नसतो, मांडणीवर असतो. हा फरक लहान नाही.

आणि थॉमस अक्विनास?

त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो. ख्रिस्ती धर्मपंडित अक्विनासच्या (१२२५–१२७४) मते आत्मा म्हणजे शरीराचं रूप, म्हणजे जिवंत शरीराला जिवंत शरीर करणारी घडण. शरीरात बसलेला पाहुणा नव्हे. कल्पनाशक्ती, स्मृती, धोका हेरणं, हे सगळं तो शारीरिक इंद्रियांकडे देतो. ‘माझा आत्मा म्हणजे मी नव्हे’ असं त्याने बायबलवरच्या एका टीकेत स्पष्ट लिहिलं आहे. एकच काम तो शरीराबाहेर ठेवतो: या किंवा त्या त्रिकोणाचं नव्हे, तर त्रिकोणपणाचं आकलन. संगणनवादाशी त्याची गाठ पडते ती या एका दारापाशी, आणि तिथे लढाई खरी आहे. यंत्र हजारो त्रिकोण ओळखतं. त्याला त्रिकोणपण कळलं का?

सर्लच्या ‘चिनी खोली’ने आत्मा सिद्ध होतो का?

होत नाही. जॉन सर्लने १९८० साली मांडलेला प्रसंग असा: चिनीचं अक्षरही न येणारा माणूस खोलीत बसून नियमपुस्तक बघून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरं देतो. बाहेरच्यांना वाटतं आत चिनी जाणणारं कुणी आहे. आत कुणालाच काही कळत नाही. म्हणजे नुसते नियम पाळल्याने अर्थ येत नाही.

युक्तिवाद जोरकस आहे, पण सर्लला त्यातून आत्मा काढायचा नव्हता. जाणीव ही मेंदूच्या जैविक गुणांतून येते, असं त्याचं मत होतं. संगणनवाद पडला म्हणून अध्यात्म जिंकलं असं होत नाही. मधे जीवशास्त्र उभं आहे. १७१४ मध्ये लायबनिझनेही असंच काही सुचवलं होतं: विचार करणारं यंत्र चक्कीएवढं मोठं करून आत शिरा, एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, जाणीव कुठेच दिसणार नाही. त्याने मात्र यातून अभौतिक घटकांकडे जाण्याची वाट काढली. एकच निरीक्षण, दोन मुक्काम.

गोडेलच्या प्रमेयाने मन यंत्र नाही हे सिद्ध झालं आहे, असं वाचलं. खरं का?

हा दावा श्रद्धाळू मंडळींत फार फिरतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कुर्ट गोडेलने १९३१ साली दाखवलं की अंकगणित मांडण्याइतकी समर्थ आणि आत विसंगती नसलेली कोणतीही नियमबद्ध पद्धत घ्या, तिच्यात सिद्ध करता येणार नाही असं एक खरं विधान निघतंच. १९६१ मध्ये ऑक्सफर्डचा तत्त्वज्ञ जॉन लुकास म्हणाला: ते विधान खरं आहे हे यंत्राला सिद्ध करता येत नाही, पण आपल्याला दिसतं, म्हणून आपण यंत्र नाही. १९८९ मध्ये रॉजर पेनरोजने हाच धागा पुढे नेला, पण कोणत्याही धर्मासाठी नव्हे. त्याला नवं भौतिकशास्त्र हवं होतं.

फट कुठे आहे ती बघा. ते विधान खरं ठरतं ती पद्धत विसंगत नसेल तरच. तेव्हा ‘मी यंत्र असेन तर माझं गोडेल-विधान मला खरं दिसतं’ असं म्हणायला माझ्या विचारांत कुठेही विसंगती नाही, हे मला आधी ठाऊक असायला हवं. ते मला ठाऊक नसतं. माणसाच्या विचारांत विसंगती भरपूर असते. पटनमने हा आक्षेप १९६० मध्येच नोंदवला होता.

स्वतः गोडेल आस्तिक होता, देवाच्या अस्तित्वाची तर्कशुद्ध सिद्धताही त्याने लिहून ठेवली होती. तरीही १९५१च्या व्याख्यानात तो एवढंच म्हणाला: एक तर मानवी मन कोणत्याही सान्त (मर्यादित) यंत्राच्या पलीकडचं आहे, नाहीतर गणितात असे प्रश्न आहेत जे माणसाला कधीच सुटणार नाहीत. ‘एक तर – नाहीतर’. ज्याचं प्रमेय त्यानेच इतका संयम ठेवला, तर आपण घाई का करावी?

सगळंच संगणन असेल तर पाप-पुण्य, कर्म, स्वेच्छा यांचं काय?

बेंजामिन लिबेटचा १९८३चा प्रयोग इथे हटकून पुढे केला जातो. बोट हलवण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत् हालचाल सुरू होते आणि ‘आता हलवावं’ अशी जाणीव मात्र सुमारे पाव सेकंद आधी होते. २०१२ साली आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती आधीची हालचाल म्हणजे निर्णय असायला हवा असं नाही. मेंदूतले सततचे चढउतार एका उंबरठ्यापर्यंत साठत जातात, त्याची ती खूण असू शकते. एका बोटाच्या हालचालीवरून मोक्ष आणि नरक यांचा निकाल लावू नये.

मला इथे डोनाल्ड मॅकेचा (१९२२–१९८७) युक्तिवाद मोलाचा वाटतो. तो मेंदूविज्ञानात काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ आणि निष्ठावान ख्रिस्ती होता. समजा, मेंदू घड्याळासारखा नियमबद्ध आहे आणि कुणी माझ्या उद्याच्या निर्णयाचं अचूक भाकीत लिहिलं. मी ते वाचून खरं मानलं की माझ्या मेंदूची स्थिती बदलली, आणि भाकीत केलं होतं ते या बदललेल्या मेंदूचं नव्हतं. मी मानो वा न मानो, माझ्यावर बंधनकारक ठरेल असं भाकीत माझ्यासाठी अस्तित्वातच नसतं. निर्णय घ्यायचा तो मलाच. जबाबदारीला एवढी जागा पुरते, असं मला वाटतं. ज्यांना जगाच्या आरंभापासून कारणशृंखलेत कुठेतरी खंड हवा आहे, त्यांना ती पुरणार नाही.

कर्मसिद्धान्ताबद्दल एकच सांगते: संस्कार म्हणजे मागच्या कृतींचे मनावर उरलेले ठसे, जे पुढच्या कृतींना वळण लावतात. शिकणाऱ्या चेताजाळ्याचं वर्णन करताना मला याहून चांगला शब्द सापडलेला नाही.

मनाची प्रत यंत्रात उतरवली तर ते अमरत्व होईल का?

ज्या क्षणी एक प्रत निघते त्या क्षणी दोनही निघू शकतात. त्या दोघी ‘मी’ म्हणतील आणि दोघींना माझं बालपण आठवेल. त्यांतली मी कोणती? दोन्ही असू शकत नाही, कारण एक रडत असताना दुसरी हसत असेल. मग एकच प्रत काढली तरी ती मी, हे कशावरून? केवळ दुसरी काढली नाही म्हणून?

हाच पेच ईश्वरशास्त्रालाही आहे. जॉन पोल्किंगहॉर्न केंब्रिजमधलं भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद सोडून १९८२ मध्ये अँग्लिकन धर्मगुरू झाला. आत्मा म्हणजे शरीरातल्या द्रव्याने वाहिलेला अतिशय गुंतागुंतीचा माहितीचा आकृतिबंध; मृत्यूत तो मोडतो, पण देवाच्या स्मरणात राहतो आणि देव त्याला नव्या सृष्टीत पुन्हा देह देतो, असं तो मांडत असे. संगणनवादाला एवढं मनमोकळं आलिंगन दुसऱ्या कुणी धर्मगुरूने दिलेलं मी पाहिलं नाही. पण देवाने तो आकृतिबंध दोनदा साकार केला तर? उत्तर असं देतात की देव तसं करणार नाही. म्हणजे माझं ‘मीपण’ आकृतिबंधावर नाही, देवाच्या निष्ठेवर अवलंबून आहे. यंत्रात प्रत काढणाऱ्या कंपनीकडे अशी निष्ठा कुठून आणायची? फरक इथे पडतो, तंत्रात नव्हे.

बौद्धांनी हा पेच वेगळ्या टोकाने सोडवला. मिलिंद राजाने नागसेन या भिक्षूला विचारलं, कोणी पलीकडे जात नसेल तर पुनर्जन्म कोणाचा? नागसेन म्हणाला, दिव्यावरून दिवा लावला, ज्योत इथून तिथे गेली का? आत्माच नाही म्हटल्यावर ‘यांतला खरा कोणता’ हा प्रश्नच गळून पडतो. पण मग अमरत्वाची हावही त्याच्याबरोबर सोडावी लागते.

स्मृती गेली तर माणूस उरतो का?

हा प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी आजारी असतं.

माझे वडील शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंशात होते. मला ते त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारत. मुक्काम, वर्ष, आईचं जाणं, सगळं पुसलं गेलं होतं. पण संध्याकाळी प्रार्थनेची पहिली ओळ मी म्हटली की ते पुढच्या सगळ्या बिनचूक म्हणत. संगणनवादाने मला याचं जे स्पष्टीकरण दिलं त्याने माझी श्रद्धा कमी झाली नाही, मन हलकं झालं: स्मृती एक नसते, घटना आठवणारी यंत्रणा वेगळी आणि वर्षानुवर्षं घोटलेलं जपणारी वेगळी, आणि पहिली बहुधा लवकर ढासळते. ते मुद्दाम आम्हाला विसरले नव्हते.

पण ते ‘उरले’ होते का, याचं उत्तर त्या स्पष्टीकरणात नाही. माणूस म्हणजे त्याच्या आठवणींचा संच असेल, तर आम्ही चार वर्षं कुणा परक्याची सेवा केली. मी ते मानत नाही. ज्या परंपरा म्हणतात की माणूस स्वतःला आठवतो म्हणून नव्हे, तर त्याला कुणी आठवतं, कुणी हाक मारतं, म्हणून तो माणूस असतो, त्यांच्याकडे मी त्या काळात वळले. देवाला माणसाचं स्मरण असणं, या कल्पनेचा अर्थ तेव्हा कळला.

यंत्राला आत्मा असू शकतो का?

ट्युरिंगने १९५० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात हा आक्षेप सगळ्यांत आधी घेतला: विचार हे अमर आत्म्याचं काम, देवाने आत्मा माणसाला दिला, यंत्राला नाही, म्हणून यंत्र विचार करू शकत नाही. त्याचं उत्तर ईश्वरशास्त्राच्याच भाषेत आहे. देवाला वाटलं तर हत्तीला आत्मा देण्याचं स्वातंत्र्य त्याला नाही का? आणि यंत्रं घडवताना आपण देवाचा अधिकार हिरावत नाही. मुलांना जन्म देताना जसं, तसंच इथेही आपण त्याने निर्मिलेल्या आत्म्यांसाठी निवारे बांधतो. ट्युरिंगला स्वतःला अशा युक्तिवादांचं फारसं अप्रूप नव्हतं, पण युक्तिवाद लॉकच्याच घराण्यातला आणि पक्का आहे.

जानेवारी २०२५ मध्ये व्हॅटिकनने प्रसिद्ध केलेल्या टिपणात वेगळी भूमिका आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता ही मानवी बुद्धीचं कृत्रिम रूप नव्हे, तिचं उत्पादन आहे. आजच्या यंत्रांबद्दल मला हे पटतं. कायमचा नियम म्हणून पटत नाही.

देवही संगणन करतो का?

पायरी-पायरीने अनुमान काढणं हे ज्याला सगळं एकदम दिसत नाही त्याचं साधन आहे. म्हणूनच अक्विनासने म्हटलं की देवाच्या ज्ञानात एकावरून दुसऱ्याकडे जाणं नसतं. या बाबतीत ट्युरिंगच्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधातलं एक वाक्य मला फार आवडतं. यंत्राला न सुटणारे प्रश्न सोडवणारं काहीतरी गृहीत धरून त्याने त्याला ‘दैवी कौल’ अशा अर्थाचं नाव दिलं, आणि त्याच्या स्वरूपाविषयी एवढंच सांगितलं की ते यंत्र असू शकत नाही.

यंत्राने रचलेली प्रार्थना ही प्रार्थना असते का?

शब्दांपुरतं म्हणाल तर यंत्र सुंदर प्रार्थना लिहितं. मी स्वतः काही वाचल्या आहेत, आणि त्यांतली एक मी म्हटलीही. म्हणताना ती माझी झाली. दुसऱ्याने रचलेले शब्द उसने घेऊन प्रार्थना करणं ही जगातल्या जवळजवळ प्रत्येक धर्माची जुनी रीत आहे, तेव्हा शब्द कुठून आले याने प्रार्थना बाटत नाही.

पण मी वाचण्याआधी, नुसती पडद्यावर असताना ती काय होती? प्रार्थनेला मागणारा लागतो. ज्याला काही कमी आहे, ज्याला भीती वाटते, जो कृतज्ञ आहे असा कुणी. त्या यंत्राचं काही हरवू शकत नाही, त्याला कशाची वाण नाही. संगणनवादी यावर म्हणेल की ‘वाण असणं’ हीसुद्धा एक संगणनस्थितीच आहे, नीट घडवली तर यंत्रातही येईल. येईलही. त्या दिवशी ते यंत्र मागेल, आणि त्या मागण्याकडे दुर्लक्ष करायचा अधिकार आपल्याला असणार नाही.